एआय वापरा, पण आजी तुमचीच राहू दे: लिहिणाऱ्यांसाठी माझी कच्ची पद्धत

मागच्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी लेख दिला होता, विषय आजीचं स्वयंपाकघर. ऑफिस, घर, त्यात डेडलाईन गणपतीच्या आधीची (नवीन लिहिणाऱ्यांना हे माहीत नसतं, दिवाळीचं लिखाण पावसाळ्यातच मागतात), मग मी काय केलं तर चॅटजीपीटीला चार ओळी सांगितल्या, हजार शब्द काढून घेतले, थोडं इकडचं तिकडे केलं आणि दिलं पाठवून. दोन दिवसांनी संपादक बाईंचा फोन. म्हणाल्या, "अगं छान आहे, चूक अशी काहीच नाहीये, पण हा लेख मला या महिन्यात सहाव्यांदा आलाय." सहा वेगळ्या माणसांकडून, सहा वेगळ्या गावांच्या आज्या, आणि सगळ्यांच्या स्वयंपाकघरात तोच 'मायेचा दरवळ'.

लाज वाटली. पण एआय सोडलं नाही, सोडणारही नाही, कारण त्याचा उपयोग आहे. फक्त कुठल्या वेळी त्याला बोलवायचं आणि कुठल्या वेळी दाराबाहेर ठेवायचं हे बदललं. तेच इथे लिहितेय. ललित, कथा, आठवणी, ब्लॉग असलं लिहिणाऱ्यांसाठी. ऑफिसचे मेल आणि सोसायटीच्या नोटिसा खुशाल त्याच्याकडून लिहून घ्या, तिथे आपला आवाज कुणाला हवाय.

सहाही लेख सारखे का निघाले ते आधी

ही मॉडेल्स पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त आहे ते बघत बघत लिहितात. 'आजीच्या हातच्या' असं लिहिलं की पुढे 'जेवणाची चव' येणार, 'भाकरी' येणार. 'आजीच्या हातच्या चटक्याचा डाग' सहसा येणार नाही, कारण तो तुमच्याच आजीच्या हातावर होता, लाखो पानांत नव्हता. म्हणजे त्याचं काम नीटच चाललंय, तुम्ही सरासरी आजी मागितली, त्याने सरासरी आजी दिली.

यावर एक प्रयोगही झालाय, अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउजर यांचा, जुलै २०२४ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या संशोधन नियतकालिकात छापून आला. लोकांना छोट्या छोट्या कथा लिहायला दिल्या, काहींना एआयने सुचवलेल्या कल्पना दिल्या आणि काहींना नाही. ज्यांना कल्पना मिळाल्या त्यांच्या कथा वाचणाऱ्यांना जास्त चांगल्या वाटल्या, त्यातही ज्यांचा मुळात हात कच्चा होता त्यांना जास्त फायदा झाला. पण सगळ्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या तर एआयवाल्या कथा एकमेकींसारख्या निघाल्या. म्हणजे तुमचा तुमचा लेख सुधारतो आणि अंक बिघडतो. संपादक बाईंचा फोन म्हणजे हेच की.

आणि खरं सांगायचं तर हा रोग आपल्याकडे जुनाच आहे. शाळेत 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' आपण कुठून लिहायचो? गाईडमधून. वर्गातल्या साठ पोरांच्या निबंधात पाऊस एकाच वेळी, एकाच रिमझिमीने पडायचा. एआय म्हणजे तेच गाईड, फक्त न संपणारं आणि उलटून बोलणारं. म्हणून सगळा दोष मशीनवर ढकलायला माझं मन होत नाही, आपल्याला ती सवय होतीच.

पहिली वीस मिनिटं एकट्याने

ही एकच गोष्ट पाळलीत आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल. विषय डोक्यात आला की पहिली वीस मिनिटं एआयची खिडकी उघडायची नाही. कारण त्याचा ड्राफ्ट एकदा वाचला की डोक्यात तोच बसतो, मग तुम्ही कितीही बदला, बदल त्याच्या खोलीतच चालतात, सोफा इकडचा तिकडे करण्याइतकेच.

टाईप करायचा कंटाळा येत असेल तर बोला. मोबाईलच्या कीबोर्डवर मराठी निवडून माईकचं बटण दाबायचं आणि नोट्समध्ये किंवा स्वतःच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर बडबडायचं. मी भांडी लावताना करते. विरामचिन्हं येत नाहीत, मध्येच कुकरची शिट्टी होते आणि 'वरवंटा'चं भलतंच काहीतरी उमटतं, असू दे. नीट लिहायचंच नाहीये, फक्त जे दिसतंय ते बोलायचं. क्रम नको, सुरुवात नको, 'मला आठवतं' असलंही नको.

दुसऱ्यांदा लेख लिहायला घेतला तेव्हा माझ्या वीस मिनिटांत काय निघालं ते जसंच्या तसं देते: "पाटा मागच्या दाराशी, चटणी झाली की आजी पाटा धुवायची ते पाणी वाटीत धरायची आमटीत घालायची, दुसरं पाणी अळवाला, अळू मोरीच्या पाण्यावर माजलेलं, चुलीच्या वैलावर दूध, त्याच्यावर झाकण म्हणून पितळी ताटली तिला पोचा आलेला, मी पाडलेली, ओरडली नाही, वैलावरचं दूध उतू गेलं तेव्हा मात्र ओरडली."

हे काही लेख नाही. पण यात दरवळ नाहीये, आणि पाटा धुतलेलं पहिलं पाणी आमटीत आणि दुसरं अळवाला हे एआयने मला हजार शब्दांत दिलं नव्हतं. ती बाई कशी होती ते त्या दोन पाण्यांत येतं.

वीस मिनिटं झाली आणि काहीच सुचलं नाही तर? तर काहीच नाही. कोरी बसा. ते अडकलेपण नकोसं असतं हे मला मान्य आहे, आणि एआयने नेमकी तीच जागा घेतलीये, ती अडकायची दहा मिनिटं. पण माझ्याबाबतीत तरी चांगली ओळ बहुतेक वेळा अकराव्या मिनिटाला येते, आंघोळीला गेल्यावर.

त्याला लिहायला नाही, विचारायला लावा

आता उघडा खिडकी. तो गबाळा मजकूर पेस्ट करा, आणि खाली हे लिहा, मी हेच कॉपी-पेस्ट करते:

"हा माझा कच्चा मजकूर आहे. तू यातलं काहीही लिहायचं, सुधारायचं किंवा पुढे न्यायचं नाहीस. फक्त मला दहा प्रश्न विचार. भावना विचारू नकोस. वस्तू, जागा, माणसं, कोण कुठे बसायचं, कोणाला काय चालायचं नाही, असं विचार. एका वेळी एकच प्रश्न."

शेवटचं 'एका वेळी एकच' फार महत्त्वाचं, नाहीतर तो दहाच्या दहा प्रश्न एकदम टाकतो आणि आपण परीक्षेचा पेपर सोडवल्यासारखी उत्तरं देतो. आणि 'लिहायचं नाहीस' हे दोनतीनदा सांगावं लागतं, त्याला राहवतच नाही, मध्येच "तुमच्यासाठी एक सुंदर परिच्छेद तयार करू का?" नको रे बाबा.

दहातले सातआठ प्रश्न फुकट जातात. "आजीकडून तुम्ही कोणती मूल्ये शिकलात?" हा आलाच होता, बालभारतीच्या स्वाध्यायातून उठून आल्यासारखा. पण सहावा प्रश्न होता, "त्या स्वयंपाकघरात यायची कोणाला मनाई होती?"

मी बसूनच राहिले. कारण उत्तर होतं. काकू. महिन्यातले ते चार दिवस काकू मागच्या पडवीत बसायची, तांदूळ निवडायची, आणि आजी तिला चहा फुलपात्रात वरून ओतून द्यायची, हात लागू न देता. सोवळं कडक. पण चहा ओतून झाला की बाजूला फरशीवर दोन बिस्किटं ठेवायची, आमच्यापासून लपवून डब्यातली, आणि ती फक्त त्याच चार दिवसांत. हे मी लहानपणी रोजचं म्हणून बघितलेलं आणि पुढे कधी आठवलंच नव्हतं. लेखाचा विषयच बदलला. आजीचं स्वयंपाकघर राहिलं बाजूला, पडवीतली ती दोन बिस्किटं हाच लेख झाला.

आता हे कोणी शोधलं म्हणायचं, एआयने की मी? त्याला काकू माहीत नव्हती. पण प्रश्न त्याचाच. माझी एक मैत्रीण घरी आली असती आणि खोदून खोदून विचारत बसली असती तरी हेच झालं असतं, फक्त मैत्रिणीला रात्री साडेअकराला वेळ नसतो.

लिहा, मग त्याला वाचक करा

पूर्ण लेख स्वतः लिहायचा. मग त्याला दाखवायचा, पण 'कसा वाटला' विचारायचं नाही. कसा वाटला विचारलं की तो कौतुकच करतो, अप्रतिम, हृदयस्पर्शी, उद्या तुम्ही दुधाच्या हिशोबाची वही दिलीत तरी हृदयस्पर्शीच. त्याऐवजी असं विचारायचं: "वाचताना तू कुठे गोंधळलास? कोण कोणाची कोण लागते हे कुठे कळत नाही? कुठली गोष्ट मी दोनदा सांगितलीये? कुठल्या ओळीनंतर लेख संपला असता तरी चाललं असतं?" या चार प्रश्नांची उत्तरं तो खरंच बरी देतो. माझ्या लेखात 'ती' म्हणजे आजी की काकू हे तीन ठिकाणी कळत नव्हतं, मला स्वतःला दिसलं नव्हतं कारण मला माहीत होतं ना.

शुद्धलेखन त्याच्याकडून बघून घ्या, पण दुरुस्त करून देऊ नकोस, यादी दे असं सांगा. दुरुस्त करायला दिलं की ऱ्हस्वदीर्घाच्या नावाखाली तो तुमची 'गेलं, केलं' काढून 'गेले, केले' करतो, 'म्हणाली काय तर' गायब, लांब वाक्याचे तीन तुकडे. इस्त्री करून आणलेला शर्ट, खिशातली चिठ्ठी धुतली गेली.

मशीनची मराठी ओळखायची कशी

त्याचं काही तुमच्या लेखात शिरलंच असेल, किंवा तुमच्या स्वतःच्या हातालाच ती सवय लागली असेल (लागते, दिवसभर वाचलं की लागते), तर या जागा बघा.

सगळ्यात पहिली 'आपला' आणि 'त्याचा'. "त्याने त्याच्या खिशातून त्याचा मोबाईल काढला." मराठी माणूस असं बोलतो का? खिसा दुसऱ्या कुणाचा असेल तर पाकीटमार झाला. आपण म्हणू "त्याने खिशातून मोबाईल काढला", फार तर 'आपल्या खिशातून'. इंग्रजीत प्रत्येक वस्तूला मालक लावावा लागतो, मराठीत लागत नाही. माझ्या पहिल्या लेखात एका पानात 'तिच्या' सतरा वेळा होतं, मोजलं मी.

मग 'आम्ही' आणि 'आपण'. आम्ही म्हणजे ऐकणारा सोडून, आपण म्हणजे त्याला धरून. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे तो कधी हे कधी ते टाकतो, आणि "आपण लहानपणी राजापूरला जायचो" असं वाचणाऱ्याला सांगून टाकतो. वाचणारा कुठे आला होता?

'केवळ स्वयंपाकघर नव्हते, तर संस्कारांचे मंदिर होते.' हे 'केवळ नव्हे तर' दिसलं की खोडा. 'आजच्या धावपळीच्या युगात' ने सुरू होणारं काहीही खोडा. 'च्या माध्यमातून', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', 'सुनिश्चित करा', हे एक तर सरकारी परिपत्रक नाहीतर हिंदीचा शेजार. शेवटी विशेषणं तीन तीनच्या जुडीने येतात, प्रेमळ, मायाळू आणि कष्टाळू, मेथीची जुडी असल्यासारखी. एक ठेवा, खरं तर तेही नको.

आणि हावभाव बघा, यात तो नेमका पकडला जातो. त्याच्या लेखात आजीने मला घट्ट मिठी मारली होती. माझी आजी जन्मात मिठी मारून भेटली नाही. ती दोन्ही हात गालांवरून फिरवायची आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची, आणि मग म्हणायची "वाळलीस किती". हे ज्याने बघितलंय त्याला लिहिता येतं. मिठी परदेशातून आलीये.

बोलीभाषा तर त्याच्याकडून मुळीच घेऊ नका. वऱ्हाडी म्हणजे वाक्याच्या शेवटी 'बे' आणि कोल्हापुरी म्हणजे 'की रं' असं त्याचं मत आहे, टीव्ही मालिकेतला गडी बोलतो तसं. ज्या गावचं पात्र आहे त्या गावच्या माणसाला फोन करा, एक वाक्य विचारायला पाच मिनिटं लागतात, वर चार शब्द जास्तीचे मिळतात.

यात एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी, मराठी त्याला पूर्वीपेक्षा बरीच येते. आधी देवनागरीचे फार बारीक तुकडे पडायचे. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा ओपनएआयने, म्हणजे चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीने, स्वतः उदाहरण दिलं होतं, मराठीतला एक नमुना आधी ९६ टोकनांत (म्हणजे अशाच तुकड्यांत) मावायचा तो आता ३३ मध्ये मावतो. त्यामुळे व्याकरणाच्या चुका कमी होत जाणार. म्हणजे व्याकरणावरून ओळखू म्हणाल तर ते दिवस गेले, आता ओळखायचं ते मिठीवरूनच.

संतांचं नाव आलं की थांबा

ही वेगळी सांगते कारण यात तोंडावर आपटायला होतं. त्याला म्हटलं पावसावर तुकोबांचा अभंग दे, की तो देतो. छान यमक, शेवटी 'तुका म्हणे'. फक्त तो अभंग गाथेत नसतो. 'तुका म्हणे' लावलं की झाला अभंग, इतकं त्याला कळलंय. म्हणींचं तेच, ऐकायला जुनी, पण कुणाच्या आजीने कधी म्हटलेली नाही. म्हणून अवतरण, ओवी, म्हण, साल, यातलं जे जे त्याच्याकडून आलंय ते ते मुळात जाऊन बघायचं. गाथा नेटवर आहे, मराठी विश्वकोश नेटवर आहे, दाते-कर्वे आणि मोल्सवर्थ दोन्ही शब्दकोश नेटवर शोधता येतात. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ ची, पण शब्द अडला की मी अजून तिथे जाते आणि अर्धा तास परत येत नाही, तो वेळ वाया गेला असं कधी वाटलं नाही.

सांगायचं की लपवायचं

सांगायचं. स्पर्धेचे नियम आधी वाचा, संपादकाला आधी विचारा. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे चॅटजीपीटी येऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, क्लार्क्सवर्ल्ड नावाच्या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाला मशीनच्या कथांचा इतका मारा झाला की त्यांनी कथा घेणंच काही दिवस बंद केलं. त्यात भुर्दंड कुणाला, तर रात्री जागून स्वतः लिहिणाऱ्याला. उलट जपानमध्ये जानेवारी २०२४ ला लेखिका री कुदान यांना अकुतागावा हा तिथला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं की कादंबरीतला साधारण पाच टक्के मजकूर एआयचा जसाच्या तसा आहे. गोष्टीतच एआय बोलतं, तिथे ते शोभतंही. वाद झाला, पण लपवलं आणि मग सापडलं असं तरी झालं नाही.

आणि हो, 'एआय ओळखणारी' जी टूल्स फिरतात त्यांच्यावर कुणाला फासावर देऊ नका. ओपनएआयने स्वतःचं असं टूल जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि जुलैत गुपचूप मागे घेतलं, अचूक नाही म्हणून. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचे हाताने लिहिलेले निबंध ही टूल्स सर्रास मशीनचे ठरवतात. म्हणून आपले कच्चे ड्राफ्ट, बडबडीच्या नोट्स, गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्ट्री जपून ठेवा, उद्या कुणी बोट दाखवलं तर कामाला येतं. अप्रकाशित मजकूर पेस्ट करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन तुमचा डेटा ट्रेनिंगला वापरायची परवानगी बंद करा, आणि घरातल्या माणसांची खरी नावं काढून टाका. काकूने काही परवानगी दिलेली नाहीये.

तर मी लेख परत पाठवला, सोबत एक ओळ लिहिली: "लेख माझा आहे, प्रश्न विचारायला आणि शुद्धलेखन बघायला एआय वापरलंय." संपादक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, बिस्किटांचा भाग फार चांगला झालाय, छापतेय, फक्त शेवटचा परिच्छेद काढ, 'आज आजी नाही पण तिच्या आठवणींचा सुगंध' वगैरे, तो मशीनचा आहे हे लगेच कळतं.

तो परिच्छेद पूर्णपणे मी लिहिला होता. सातवीतल्या निबंधाच्या हाताने. काढला.